ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: पहिलं टनभर प्लास्टिक, तेही न वितळता

‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ हा लघुग्रहाच्या पोटात वसाहत चालवायचा संगणकावरचा खेळ. त्यात नव्या खेळाडूची वसाहत ऑक्सिजनवाचून क्वचितच मरते. खेळाच्या नावातच असलेलं ते संकट लवकर आटोक्यात येतं. संडास, जेवण, झोपायच्या खोल्या हेही पडतझडत जमतं. मग तापमान चढायला लागतं. जनरेटर, दिवे, बॅटऱ्या, सगळेच थोडी थोडी उष्णता सोडत असतात आणि एक दिवस खाण्यासाठी लावलेली मीलवुडची रोपं वाढायची थांबतात. यावर पक्का उपाय म्हणजे स्टीम टर्बाइन, गरम वाफेतली उष्णता काढून तिची वीज करणारं यंत्र. त्याला ८०० किलो शुद्ध धातू आणि २०० किलो प्लास्टिक लागतं. आणि प्लास्टिक तयार करणारी पॉलिमर प्रेस स्वतःच सेकंदाला ३२.५ किलोडीटीयू (डीटीयू हे खेळातलं उष्णतेचं माप) उष्णता ओकते. थंडावा हवा तर आधी आणखी गरमी घरात घ्या, असा हा मामला आहे.

इथं अडलेले लोक व्हिडिओ बघायला जातात आणि तिथं त्यांना पेट्रोलियम बॉयलर भेटतो, म्हणजे कच्चं तेल तापवून त्याचं पेट्रोलियम करणारी भलीमोठी रचना. खाली मॅग्मा, वर तेलाची उतरंड, जागोजागी सेन्सर. ते बघून निम्मे लोक खेळच सोडतात. माझं म्हणणं सरळ आहे: पहिल्या टनभर प्लास्टिकला यातलं काहीही लागत नाही. एक रिफायनरी, एक प्रेस आणि सहा टन पाण्याचा हौद एवढ्यावर काम भागतं. फक्त प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःला विचारत राहायचा: ही उष्णता जाणार कुठं?

पुढचं सगळं मूळ खेळ धरून लिहिलं आहे. स्पेस्ड आउट हे विस्तारित रूप खेळत असाल, तर काही नकाशांत तेल तुमच्या लघुग्रहावर नसून दुसऱ्यावर असतं. तुमचं तसं असेल तर सरळ आठव्या पायरीवर जा.

१. आधी हे पाच आकडे डोक्यात ठेवा

साधं यंत्र ७५ अंशांना ओव्हरहीट होतं. पाणी ९९.३५ ला उकळतं. प्लास्टिक १६० च्या आसपास वितळतं. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, ४०० ला पेट्रोलियम होतं. पेट्रोलियम ५३९ ला सावर गॅस होतं. (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये. खेळ फॅरनहाइट दाखवत असेल तर सेटिंगमधून बदलून घ्या, नाहीतर पुढचा लेख वाचून काही उपयोग नाही.)

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही.

पहिली, खेळ बरोब्बर त्या अंशाला रूप बदलत नाही. साधारण तीन अंश पुढं जाऊ देतो. पाणी ९९.३५ ला नाही, १०२ च्या थोडं वर गेल्यावर वाफ होतं. शून्यालाही ते लगेच गोठत नाही, उणे तीनच्या आसपास गोठतं. त्यामुळे वस्तूच्या माहितीत दिसणारा आकडा आणि पडद्यावर घडणारी घटना यांत थोडा फरक पडतो. गोंधळू नका.

दुसरी जास्त महत्त्वाची. वरचे काही बदल एकदिशा आहेत. पाण्याची वाफ थंड झाली की पुन्हा पाणी होतं. प्लास्टिकचं तसं नाही. ते काही तूप नव्हे, की पातळ झालं तर झालं, गार जागी ठेवलं की थिजेल. वितळलं की त्याचा नॅफ्था होतो आणि नॅफ्था कितीही थंड केला तरी प्लास्टिक परत मिळत नाही. उणे ५० च्या खाली नेलात तर घट्ट नॅफ्था मिळेल, बस. क्रूड ते पेट्रोलियम आणि पेट्रोलियम ते सावर गॅस हे रस्तेही असेच परतीचे नाहीत.

२. काय काय जमवायचं

कामाला हात घालायच्या आधी एवढं हाताशी असू द्या:

- दोन ॲटमो सूट, त्यांचे डॉक आणि चेकपॉइंट. तेलाच्या भागात हवा आणि द्रव बरेचदा सत्तरीच्या पुढं असतात आणि त्यात ड्युप, म्हणजे वसाहतीतली माणसं, भाजतात. नुसता ऑक्सिजन मास्क श्वास देतो, चटक्यापासून वाचवत नाही.
- गोल्ड अमलगम हे धातुक, निदान ८०० किलो. एक पंप आणि एक प्रेस यांच्यापुरतं. दलदलीच्या भागात सापडतं.
- इग्नियस रॉक भरपूर. इन्सुलेटेड, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या, पाइपच्या एकेका चौकोनाला ४०० किलो जातो, त्यामुळे अंदाज नेहमी कमी पडतो. सिरॅमिक असेल तर उत्तम, पण पहिल्या खेपेला त्यासाठी थांबू नका.
- थोडा शुद्ध धातू, रेडियंट (उष्णता पटकन घेणाऱ्या-देणाऱ्या) पाइपसाठी. तांबं चालेल.
- सहा टन पाणी, विशीतल्या तापमानाचं.
- एक लिक्विड रिझर्व्हॉयर, म्हणजे द्रव साठवायची टाकी.
- दोन वेगळ्या तारांवर वीज. का, ते चौथ्या पायरीत येईल.

संशोधन अर्थातच झालेलं हवं. तेही नसेल तर दोन-चार सायकल (खेळातले दिवस) थांबा, घाई काही नाही.

३. तेल आणा, पण त्याची गरमी तिथंच सोडा

लागतं किती ते आधी बघू. प्रेस सेकंदाला ८३३ ग्रॅम पेट्रोलियम खाऊन ५०० ग्रॅम प्लास्टिक देते. रिफायनरी १० किलो क्रूडमधून ५ किलो पेट्रोलियम काढते. म्हणजे एक टन प्लास्टिकला सुमारे १,६६७ किलो पेट्रोलियम आणि त्यासाठी ३,३३३ किलो क्रूड. एका चौकोनात क्रूड साधारण ८७० किलोपर्यंत मावतं. थोडक्यात, चार काठोकाठ भरलेले चौकोन रिकामे केले की तुमचं पहिलं टनभर प्लास्टिक झालं. तेलाच्या भागात डबकी असतातच. तेलविहिरीची गरज पहिल्या टनाला नाही.

पंप साध्या तांब्याच्या धातुकाचा ठेवलात तर तो ७५ ला ओव्हरहीट होईल, आणि डबक्यातलं तेल अनेकदा ८०-९० अंशांचं असतं. पंप चालतो, मोडतो, ड्युप सूट घालून दुरुस्त करायला जातो, परत मोडतो. गोल्ड अमलगमला ५० अंशांची सवलत मिळते, म्हणजे मर्यादा १२५. तोच वापरा.

पाइप वस्तीतून नेणार असाल तर सगळी वाट इन्सुलेटेड. साध्या पाइपमधून ८० अंशांचं तेल शयनगृहाच्या भिंतीमागून गेलं, तर तुम्ही स्वखर्चानं हीटर बसवलात असं समजा. शक्य असेल तर तेल वस्तीत आणूच नका. रिफायनरी आणि प्रेस दोन्ही तेलाच्या भागाच्या वेशीवर बसवा आणि वस्तीकडे फक्त तयार प्लास्टिक येऊ द्या.

वेशीवर सहसा ॲबिसलाइटचा थर लागतो. त्यातून उष्णता जवळपास जातच नाही, म्हणून तर वरची वसाहत खालच्या आचेपासून वाचलेली असते. वाटेपुरतं एकच भोक पाडा. दरवाजासाठी, शिडीसाठी, पाइपसाठी वेगवेगळी भोकं पाडत बसू नका.

४. रिफायनरी

ही पायरी सोपी आहे. रिफायनरी चालवायला ड्युप उभा राहावा लागतो आणि ती ४८० वॉट खाते. टनभर प्लास्टिकपुरतं पेट्रोलियम काढायला तिचं प्रत्यक्ष काम ३३३ सेकंदांचं, म्हणजे अर्ध्या सायकलीहून थोडं जास्त. प्रेसला मात्र तेच संपवायला तीन सायकलींहून अधिक लागतात. म्हणून मध्ये रिझर्व्हॉयर हवा. त्यात पाच टन मावतं, सगळं पेट्रोलियम आरामात बसेल.

सेकंदाला ९० ग्रॅम नैसर्गिक वायूही निघतो. एवढ्या कामात तो ३० किलोच्या आसपास भरेल. तीस चौकोनांची खोली असली तर प्रत्येक चौकोनात किलोभर. रिफायनरी पाच किलोच्या दाबाला अडते, म्हणजे पहिल्या खेपेला गॅस पंपही लागत नाही. खोली अगदीच चिंचोळी केली असेल तर मात्र अडेल.

आता तारेचं गणित. रिफायनरी ४८०, प्रेस २४०, तेलाचा पंप २४०. बेरीज ९६०. साधी तार १,००० वॉटला चालते. म्हणजे जेमतेम बसतं, आणि या तारेवर दुसरा पंप जोडला की ओव्हरलोड होऊन तार जळते. पुढच्या पायरीत पाण्याचा पंप येणार आहे, तो दुसऱ्या तारेवर.

एक सापळा: पेट्रोलियम आलं की पेट्रोलियम जनरेटर बसवायचा मोह होतो. तो सेकंदाला दोन किलो पितो, म्हणजे दोन प्रेसपेक्षाही जास्त. टर्बाइन होईपर्यंत तो बांधूच नका. बांधलाच असेल तर पाइपवर प्रेसचा फाटा आधी आणि त्याचा नंतर.

५. प्रेस आणि तिचा हौद

प्रेस तीन बाय तीन चौकोनांची असते. बांधताना गोल्ड अमलगम निवडा. तिला ड्युपची गरज नाही, पेट्रोलियम आणि वीज मिळाली की आपली आपण चालते. दर साठ सेकंदांनी ३० किलोचा एक ढीग जमिनीवर पडतो, ७५ अंशांचा. सोबत सेकंदाला ८.३३ ग्रॅम वाफ, २०० अंशांची, खोलीत सोडली जाते. तेवढाच कार्बन डायऑक्साइड मात्र पाइपनं बाहेर जातो. त्या तोंडाला गॅस पाइप जोडायचा राहिला, किंवा पाइप भरून तुंबला, तर प्रेस अडते आणि नवा माणूस तासभर पेट्रोलियमच्या पाइपकडे बघत बसतो. पाइपच्या शेवटी गॅस व्हेंट लावून तो एखाद्या खालच्या खड्ड्यात सोडा.

वाफेची भीती बाळगू नका. सायकलीला पाच किलोच होते. शिवाय या खेळात सुप्त उष्मा हा प्रकारच नाही. खऱ्या जगात वाफेचं पाणी होताना जी प्रचंड उष्णता बाहेर पडते, ती इथं पडत नाही. वाफ थंड झाली की गुपचूप थेंबभर पाणी होऊन फरशीवर पडते.

खरा प्रश्न ३२.५ किलोडीटीयूचा. सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे दर सायकलीला १९,५०० किलोडीटीयू. आकडा भयंकर वाटतो. आता पाण्याकडे बघा. एक किलो पाणी एक अंश तापवायला ४.१७९ किलोडीटीयू लागतात, म्हणजे सहा टन पाण्याला सुमारे २५,०००. प्रेस पूर्ण सायकलभर चालली तरी हौद एक अंशही चढत नाही. टनभर प्लास्टिक होईतो अडीच-तीन अंश. गरम प्लास्टिक तिथंच निवू दिलंत तर त्याचे आणखी चारेक. विशीतलं पाणी तिशीच्या आतच राहतं. कशाला हवा मग बॉयलर आणि कशाला हवा पाइपातला द्रव गार करणारा अक्वाट्यूनर? अगदी पहिल्या टनापुरता, नुसता हौद पुरे.

पण हौद प्रेसखाली खणून ठेवला आणि काम झालं असं नाही. इथं बरेच जण फसतात. या खेळात यंत्र फरशीला थेट उष्णता देत नाही. ते ज्या चौकोनांत उभं आहे तिथल्या वायूला देतं, वायू ती फरशीला देतो, फरशी पाण्याला. मधला वायू ऑक्सिजन असेल तर हे फार संथ चालतं. हौदात पाणी गारच राहतं आणि वर प्रेस ओव्हरहीट होते. म्हणून पाणी प्रेसपर्यंत न्यायचं:

हौद तीन बाय दोनचा करा. चौकोनात एक टन पाणी मावतं, म्हणून सहा चौकोन. हौदात पंप. तिथून साधा पाइप वर. प्रेसच्या मागच्या नऊ चौकोनांतून रेडियंट पाइप नागमोडी फिरवा. मग साधा पाइप परत खाली आणि टोकाला लिक्विड व्हेंट, हौदाच्या वर. रेडियंट फक्त प्रेसमागं, बाकी वाटेवर नको. जमलं तर प्रेसमागं एक टेम्पशिफ्ट प्लेट टाका. ती आजूबाजूच्या चौकोनांत उष्णता पसरवते आणि एकाच कोपऱ्यात ती साचत नाही.

खोलीत हायड्रोजन भरता आला तर सोन्याहून पिवळं. तसं असेल तर व्हीझवर्ट या उष्णता शोषणाऱ्या रोपाचाही पर्याय आहे. हायड्रोजनमध्ये एक व्हीझवर्ट सेकंदाला १२ किलोडीटीयू शोषतं, ऑक्सिजनमध्ये जेमतेम पाच. म्हणजे हायड्रोजनमध्ये तीन रोपं एका प्रेसला पुरून उरतात, ऑक्सिजनमध्ये सात लावावी लागतील. कुंडीत लावलेल्या व्हीझवर्टला खत म्हणून फॉस्फोराइट लागतं, ते विसरू नका. थंड भाग जवळ असेल आणि रोपं आयती मिळाली असतील तरच या वाटेला जा. नाहीतर हौदच बरा.

शेवटी थर्मो सेन्सर. प्रेसशेजारी लावून तिच्या ऑटोमेशनच्या तोंडाला जोडा. किती अंशांवर लावायचा? पुष्कळ ठिकाणी ७० सांगतात. मी ६० सांगेन. सेन्सर हवेचं तापमान मोजतो, यंत्राचं नाही, आणि चालू प्रेस भोवतालच्या हवेपेक्षा बरीच गरम असू शकते. प्रेसवर माउस नेऊन तिचं स्वतःचं तापमान अधूनमधून बघत जा. एफ-३ दाबलं की तापमानाचा रंगीत नकाशा दिसतो. त्यात प्रेसमागची पाइपची वेटोळी आणि आजूबाजूची हवा जवळपास एकाच रंगाची दिसली तर उष्णता नीट वाहते आहे. पाइप गार आणि हवा लाल दिसली तर रेडियंटऐवजी चुकून साधा पाइप टाकला गेला असण्याची शक्यता जास्त.

६. ढीग उचलायची घाई करू नका

प्लास्टिक ७५ अंशांना पडतं. एक टन म्हणजे, ते २५ पर्यंत निवेपर्यंत ९६,००० किलोडीटीयू. ड्युपनं तो ढीग उचलून स्वयंपाकघराशेजारच्या कोठारात टाकला तर ही सगळी गरमी त्यानं हातानं वस्तीत आणली. त्यामुळे कोठार प्रेसच्याच खोलीत ठेवा. त्यात फक्त प्लास्टिकची खूण करा, प्राधान्य वरचं द्या आणि वस्तीतल्या इतर कोठारांतून प्लास्टिकची खूण काढा. हे शेवटचं हमखास राहून जातं, कारण नवं साहित्य पहिल्यांदा सापडलं की काही कोठारं ते आपोआप स्वीकारायच्या सेटिंगवर असतात.

इथं खेळाची एक गंमतही आहे. बांधकाम पूर्ण झालं की इमारतीचं तापमान ४५ अंशांवर जात नाही, साहित्य कितीही गरम असलं तरी. म्हणजे ७५ अंशांचं प्लास्टिक थेट शिडीत वापरलंत तर मधले ३० अंश हवेत विरून जातात. काही जण याला फसवणूक म्हणतात. माझी हरकत नाही. मात्र साहित्य बांधकामाच्या जागी पडून राहिलं तर तोवर ते आजूबाजूला तापवत राहतं, तेव्हा ऑर्डर थोड्या थोड्या द्या.

७. टर्बाइन बांधताना प्लास्टिक वितळतं ते इथं

पहिले २०० किलो टर्बाइनचे. आणखी कशालाही त्याआधी हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या शिडीवर ड्युप २० टक्के जास्त वेगानं चढतात आणि प्लास्टिकच्या फरशीवर ५० टक्के जास्त वेगानं पळतात. दोन्ही चौकोनाला ५० किलोच खातात, म्हणून मोह होतो. चार शिड्या म्हणजे एक टर्बाइन, हे लक्षात असू द्या.

प्रेस चालू असतानाच पोलादाची तयारी सुरू ठेवा. टर्बाइन जिथून वाफ ओढतं त्या खालच्या वाफेच्या खोलीत अक्वाट्यूनर बसवायचा, त्याला १,२०० किलो धातू लागतो, आणि तो गोल्ड अमलगमचा चालत नाही. कारण टर्बाइनला वाफ किमान १२५ अंशांची लागते आणि गोल्ड अमलगमचं यंत्र नेमकं १२५ लाच ओव्हरहीट होतं. पोलादाची मर्यादा २७५ आहे. टर्बाइन २०० अंशांच्या वाफेवर पूर्ण ८५० वॉट देतं आणि ९५ अंशांचं पाणी परत सोडतं, ते वाफेच्या खोलीतच वळवायचं. टर्बाइन स्वतः १०० च्या वर तापलं की बंद पडतं, तेव्हा अक्वाट्यूनरचा थंड पाइप त्याच्यामागूनही फिरवा.

आता खोली बंद करायच्या आधीची तपासणी. वाफेची खोली १२५ ते २०० च्या दरम्यान चालते. प्लास्टिक १६० ला जातं. पहिल्या काही सायकली सगळं सुरळीत दिसतं, कारण खोली अजून तापलेली नसते. मग एके दिवशी खालच्या फरशीवर नॅफ्थाचं डबकं दिसतं, आणि वर बघावं तर शिडीचे दोन टप्पे गायब. दुरुस्तीला आत गेलेला ड्युप वरच्या कठड्यावर अडकून बसलेला असतो. म्हणून:

- आतली शिडी साध्या दगडाचीच. घाईत बिल्ड मेन्यूमधून आधी निवडलेली प्लास्टिकची शिडी तशीच ओढली जाते, बघून घ्या.
- रद्द केलेल्या ऑर्डरचं प्लास्टिक जमिनीवर तसंच पडून राहतं. खोली बंद करण्याआधी फरशी पूर्ण झाडून घ्या.
- ट्रान्झिट ट्यूब, म्हणजे ड्युपांच्या प्रवासाच्या नळ्या, प्लास्टिकच्याच असतात. वाफेच्या खोलीतून, ज्वालामुखीजवळून किंवा मॅग्माच्या थरातून त्यांची वाट नेऊ नका.
- रॉकेटच्या खोबणीत प्लास्टिकची शिडी नको. इंजिनाच्या झोतापुढं ती टिकत नाही.

अक्वाट्यूनरमधून फिरवायला साध्या पाण्याऐवजी दूषित पाणी घ्या. उष्णता दोन्ही सारखीच वाहून नेतात, पण दूषित पाणी उणे २०.६५ पर्यंत गोठत नाही आणि ११९.३५ पर्यंत उकळत नाही. अक्वाट्यूनर प्रत्येक फेरीला १४ अंश काढतो. साध्या पाण्याचा पाइप दहा अंशांवर आत गेला की बाहेर येताना गोठून फुटतो.

टर्बाइन चालू झालं की प्रेसमागचा पाइप हौदावरून सोडवून या नव्या फेरीला जोडा. आता प्रेस अखंड चालवता येईल, सायकलीला ३०० किलो. त्या वेगाला मात्र डबकी पुरणार नाहीत, विहीर लागेल. विहीर सेकंदाला किलोभर पाणी घेऊन ३.३३ किलो क्रूड देते, म्हणजे एकीवर दोन प्रेस चालतात. तिचा दाब सोडायला अधूनमधून ड्युप पाठवावा लागतो.

८. तेल नसेल तर: चकचकीत ड्रेको

ग्लॉसी ड्रेको हा सरड्यासारखा प्राणी खवल्यांतून प्लास्टिक देतो, एका कातरणीला १५० किलो. दोन कातरण्यांत टर्बाइन निघतं आणि वर १०० किलो उरतात. यात ना रिफायनरी, ना ७५ अंशांचे ढीग. मला विचाराल तर सावकाश खेळणाऱ्यांसाठी हीच वाट जास्त चांगली आहे, फक्त तिची सुरुवात संथ असते. साध्या ड्रेकोला मीलवुड खायला घातलं की ग्लॉसीच्या अंड्याची शक्यता हळूहळू वाढते, एका रात्रीत नाही.

तापमानाचा जाच इथंही सुटत नाही, नुसती जागा बदलतो. खवले वाढतात ते ड्रेको हायड्रोजनमध्ये असताना. मीलवुडला मात्र हायड्रोजन चालत नाही. त्याला ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड हवा आणि १० ते ३० अंशांचं तापमान हवं. हायड्रोजन हलका, तो आपोआप वर जाऊन बसतो. म्हणून खोली उंच बांधा: खाली रोपं, वर हायड्रोजन. ड्रेको भिंती आणि छतावरून फिरतातच, त्यामुळे त्यांचा बराचसा वेळ वरच्या थरात जातो. हायड्रोजन इतकाच भरा की तो रोपांच्या ओळीपर्यंत उतरणार नाही. एफ-१ चा ऑक्सिजनचा नकाशा लावून रोपांच्या डोक्यावरचा एक चौकोन तपासा, तिथं हायड्रोजन दिसला तर भरणं थांबवा.

हायड्रोजन इलेक्ट्रोलायझरमधून आणाल, तर तो ७० अंशांच्या आसपासचा येतो. तसाच खोलीत सोडलात तर काही सायकलींत खालची रोपं तिशी ओलांडून वाढायची थांबतात, ड्रेको उपाशी राहतात आणि अंडी बंद होतात. आधी तो थंड भागातून किंवा व्हीझवर्टच्या खोलीतून फिरवून आणा, आणि पहिल्या रोपाशेजारी २७ अंशांवर एक थर्मो सेन्सर लावून त्यावर हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद होईल असं जोडून ठेवा.